यवतमाळचे संमेलन आणि आक्षेपाचे राजकारण

यवतमाळला 11 ते 13 जानेवारी 2019 या काळात 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. 1973 साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनानंतर हा मान शहराला दुसऱ्यांदा मिळाला होता. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. ‘रिच लाइक अस’ या कादंबरीला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी 2015 मध्ये असहिष्णुतेच्या निषेधार्थ परत केला होता.

मराठी संमेलनाला इंग्रजीत लिहिणारी उद्घाटक नको, असा आक्षेप मनसेच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घेतला आणि कार्यक्रम उधळून लावण्याचा इशारा दिला. सहगल यांचे वडील रणजित पंडित मूळचे कोकणातल्या मराठी घराण्यातले आणि ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी अनुवादक, याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही. आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. मनसेप्रमुख राज ठाकरे यांनी आपला विरोध नसल्याचे सांगितले, पण निर्णय फिरला नाही. कोणत्याही पुस्तकातल्या एका ओळीवरही आक्षेप नसताना लेखिकेला व्यासपीठ नाकारले गेले, ही या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब होय.

यजमान संस्थेला ज्या डॉ. वि. भि. कोलते यांचे नाव आहे, त्यांच्या कामावरही असाच रोष ओढवला होता. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेले, चक्रधरस्वामींच्या आठवणींचे ‘लीळाचरित्र’ महानुभाव पंथात शतकानुशतके सांकेतिक लिपीत जपले गेले. अनेक हस्तलिखिते ताडून कोलत्यांनी त्याची आवृत्ती 1978 मध्ये काढली, तेव्हा पंथातल्या काहींनी त्यातल्या मजकुरावर हरकत घेतली. श्रद्धेने जपलेला ग्रंथ संशोधकाच्या हाती गेला की त्याच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तिथे खरोखरच होता. तो वाद निदान ग्रंथातल्या शब्दांवर चालला. आनंद यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’वर वारकऱ्यांचा आक्षेप आला, तोही मजकुरावरच होता. यादवांनी कादंबरी मागे घेतली, पण 2009 च्या महाबळेश्वर संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या रागातून 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यातील भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. ते पुस्तक त्या संस्थेचे नव्हतेच.

यवतमाळला काही निमंत्रित साहित्यिकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला आणि साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. उद्घाटन जिल्ह्यातल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. शेतकरी आत्महत्येची झळ सोसलेल्या येडे यांनी ‘तेरवं’ या नाटकात भूमिका केली होती. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी भाषणात निमंत्रण रद्द करण्यावर टीका केली. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत अनुवादित होऊन राज्यभर वाचले गेले आणि त्याच महिन्यात मुंबईतल्या सभेत त्या स्वतः बोलल्या.