जखडलेला जबडा: शस्त्रक्रियेनंतरची दीर्घ वाटचाल
धार-देवासच्या संदर्भात जबड्याच्या सांध्याचे उपचार आणि दंतसरेखन

मराठी वाचकाला देवास हे नाव बहुधा कुमार गंधर्वांमुळे परिचित असते. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत माळव्याच्या कोरड्या हवेसाठी तेथे गेले. गाण्यास मनाई असलेली कित्येक वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच भूभागाशी संबंधित, तितकाच प्रदीर्घ, परंतु क्वचितच चर्चिला जाणारा आहे. लहानपणी जबड्याचा सांधा जखडलेल्या मुलाचे तोंड शस्त्रक्रियेने उघडल्यानंतर त्याच्या आयुष्यात काय काय घडते, हा तो विषय.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जे हलताना जाणवते, तो जबड्याचा सांधा. वैद्यकीय परिभाषेत त्याला टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट म्हणतात; व्यवहारात टीएमजे. खालच्या जबड्याचे गोलसर टोक कवटीच्या खाचेत आधी फिरते आणि मग पुढे सरकते. दोन्हींच्या मध्ये तंतुमय चकती असते. लहान मूल हनुवटीवर आपटले की आघाताची ऊर्जा जबड्याच्या हाडातून थेट या टोकापर्यंत पोहोचते. बालवयात ते टोक मऊ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. त्यामुळे ते चिरडते, सांध्यात रक्त साचते आणि त्या रक्ताच्या जागी हळूहळू हाड तयार होते. यालाच अँकिलोसिस म्हणतात. कानाच्या जुनाट संसर्गातूनही हा विकार उद्भवतो. प्रतिजैविकांच्या वापरानंतर त्याचे प्रमाण घटले, तरी भारतात तो पूर्णपणे हद्दपार झालेला नाही.

यात एक क्रूर विसंगती आहे. बाजेवरून, गच्चीवरून किंवा झाडावरून पडलेल्या मुलाच्या हनुवटीची जखम सर्वांना दिसते. तिला टाके घातले जातात आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. कानापुढच्या सांध्याकडे कोणी पाहत नाही. तोंड कमी उघडू लागल्याचे ध्यानात येईपर्यंत महिने, कधी वर्षे उलटतात. म्हणून हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक बालकाचे तोंड किती उघडते, हे पुढील काही महिने पाहत राहणे आवश्यक आहे. त्याची कसोटी सोपी आहे: मुलाने स्वतःची तीन बोटे उभी धरली असता ती वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मावली पाहिजेत.

मोठ्यांच्या जबड्यात ‘कट’ असा आवाज येणे हा वेगळा विषय आहे. अशा बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. मऊ आहार, शेक आणि साध्या व्यायामांनी ते बरे होतात. गुटखा-सुपारीमुळे गालाची आतील त्वचा कडक होऊन तोंड मिटत जाते, तो विकारही निराळा. त्यात सांधा शाबूत असतो. त्या व्यसनाविरुद्ध गोव्याने २००५ मध्ये आणि मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये बंदीचा मार्ग पत्करला. तिचे फलित किती, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

जखडलेल्या सांध्यावर औषध नाही. हाडाची गाठ कापून काढावीच लागते. चंडीगढच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेतील सी. पी. साहनी यांनी १९८६ मध्ये ७० रुग्णांच्या पाठपुराव्यावरून या विकाराचे चार प्रकार मांडले. ते वर्गीकरण आजही जगभर वापरात आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक लिओनार्ड केबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये शस्त्रक्रियेचे टप्पे निश्चित केले. हाडाची गाठ पूर्णपणे काढावी, मोकळ्या जागेत कानशिलाच्या स्नायूचे आवरण अंथरावे, गरजेनुसार बरगडीचा कूर्चेसह तुकडा जोडून नवे टोक घडवावे, असा तो क्रम आहे. भूल दिलेल्या अवस्थेत तोंड ३५ मिलिमीटरहून अधिक उघडल्याशिवाय शस्त्रक्रिया पुरी झाली असे मानू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्या क्रमातील शेवटची पायरी मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेरची आहे. ती म्हणजे व्यायाम.

खरी परीक्षा येथेच सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच तोंड उघडण्याचा व्यायाम सुरू करावा लागतो; बरगडीचा तुकडा बसवला असल्यास त्याला किंचित अधिक विश्रांती मिळते. दाढांच्या मधे आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून सरकवतात आणि दर काही दिवसांनी त्यांत एकीची भर घालतात. काही ठिकाणी हाइस्टर नावाचे स्क्रूचे उपकरण दिले जाते. दिवसातून अनेकदा, प्रत्येक वेळी काही मिनिटे, किमान सहा महिने आणि शक्यतो वर्षभर हा क्रम चालवायचा असतो. रात्रभर स्थिर राहिलेला जबडा सकाळी सर्वांत ताठर असतो. मूल रडते. काडी सरकवणारे हात बहुधा आईचे असतात, आणि रडणाऱ्या मुलाला पाहून ‘आज राहू दे’ असे तिला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. असे चार-पाच ‘आज’ सलग आले की पूर्वीची जागा पुन्हा हाडाने भरू लागते. सांधा पुन्हा जखडण्याची दोन मुख्य कारणे सांगितली जातात: अपुरे काढलेले हाड आणि सुटलेला व्यायाम. व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक देणे आणि रोजच्या काड्यांची संख्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिणे, या दोन साध्या गोष्टींचा पुष्कळ उपयोग होतो.

आहार पहिले काही आठवडे मऊ असतो. माळव्यात त्यासाठी घरच्याच गोष्टी हाताशी आहेत: मक्याची राबडी, खिचडी, दलिया, भुट्ट्याचा कीस. आपल्याकडे पेज असते, तसेच. बाफले मात्र थांबावे लागतात. त्याच काळात शस्त्रक्रियेच्या बाजूची भुवई उचलली जात नाही किंवा पापणी पूर्ण मिटत नाही, असे काहींना आढळते. चेहऱ्याची नस तेथूनच जात असल्याने ती ताणली जाते. बहुतेकांत काही आठवडे ते काही महिन्यांत हे दुर्बलत्व जाते. तोवर डोळा कोरडा पडू न देणे महत्त्वाचे. पुढे कधी जेवताना त्या गालावर घाम आला, तर तोही या शस्त्रक्रियेचा ज्ञात परिणाम आहे. त्याने घाबरून जाऊ नये.

तोंड उघडले म्हणजे चेहरा सुधारला, असे नाही. सांधा जखडलेल्या बाजूचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते आणि जीभ घशाकडे सरकते. असे मूल झोपेत घोरते, दचकून उठते, दिवसा पेंगते. शाळेत त्याला आळशी ठरवले जाते. म्हणून हाड हळूहळू लांबवण्याची पद्धत वापरतात. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव्ह यांनी हातापायांच्या हाडांसाठी विकसित केलेले हे तंत्र जोसेफ मॅकार्थी यांनी १९९२ मध्ये बालकांच्या खालच्या जबड्यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. कापलेल्या हाडाची टोके रोज साधारण एक मिलिमीटरने दूर नेली जातात आणि मधल्या जागेत नवे हाड घडते. बरगडीच्या तुकड्याची गोष्ट अधिक लहरी आहे: तो कधी वाढतच नाही, कधी गरजेहून अधिक वाढतो आणि हनुवटी दुसऱ्या बाजूला ढकलतो. त्यामुळे वाढीचे वय संपेपर्यंत दरवर्षी तपासणी अपरिहार्य ठरते.

दातांचा क्रम त्यानंतर येतो. वर्षानुवर्षे ब्रश आत न गेलेल्या तोंडात किडलेल्या दाढा आणि एकमेकांवर चढलेले दात असतात. आधी कीड आणि हिरड्या सुधारायच्या, मगच तारा. दात सरळ करताना तो हाडातून सरकत असतो: एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे बनते. ही गती महिन्याला साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि घाई केल्यास मुळे झिजतात. वाढ संपल्यावर जबड्याची दुसरी शस्त्रक्रिया लागणार असेल, तर तिच्याआधी आणि नंतर असे मिळून दोन-तीन वर्षे तारांची असतात.

धार जिल्ह्यात या टप्प्याला एक स्थानिक अडथळा आहे. धार आणि शेजारच्या झाबुआ जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅम आणि पर्याय नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी बालपणी प्यायल्यास दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. अशा दाताचा पृष्ठभाग आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे तारेची कडी त्यावर नीट चिकटत नाही आणि वारंवार निघते. शहरात निघालेली कडी ही अर्ध्या तासाची बाब असते. कुक्षीच्या बाजूच्या कुटुंबासाठी तिचा अर्थ इंदूरपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरचा बसप्रवास आणि बुडालेली मजुरी असा होतो.

अंतराचा प्रश्न सरसकट नाही. देवास ते इंदूर चाळीस किलोमीटरही नाही, धार शहर ते इंदूर साठ-पासष्ट. इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६१ पासून कार्यरत आहे. काणकोणहून बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात येणाऱ्याला धार शहरातील रुग्णाची दगदग सहज समजेल. परंतु धार जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि त्यांतील अनेक कुटुंबे हंगामात मजुरीसाठी गुजरात-महाराष्ट्रात जातात. नेमक्या त्याच महिन्यांत मुलाची तपासणी येते. आयुष्मान भारत योजनेने २०१८ पासून गरीब कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचा आधार दिला, हे मोठेच काम आहे. मात्र रुग्णालयातून सुटल्यानंतरचा केवळ १५ दिवसांचा खर्च तीत धरला जातो आणि बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेत येत नाहीत. ज्या विकारात शस्त्रक्रिया काही तासांची आणि उपचार दहा वर्षांचा, त्याला ही मर्यादा विशेष बोचते. व्यायाम शिकवून त्याची मोजणी ठेवण्याचे काम गावातील आशा कार्यकर्तीकडे सोपवता येण्याजोगे आहे. त्याला लागते ते फक्त एक पट्टी आणि एक वही.

तारा निघाल्यावरही दात जुन्या जागी परतू पाहतात, म्हणून रिटेनर घालावा लागतो: पहिले वर्ष काटेकोरपणे, त्यानंतर रात्रीपुरता, दीर्घकाळ. याच भेटींत तोंड किती मिलिमीटर उघडते, याची नोंद व्हावी. आकडा दोन भेटींत सलग घटलेला दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सांध्याचा सीटी स्कॅन करून घ्यावा.