निद्राविकारांची ओळख : प्राथमिक वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रकरण

झोप लागत नाही, ही तक्रार रोगी स्वतः सांगतो. झोपेत आपला श्वास अडतो, हे त्यास बहुधा ठाऊकच नसते. निद्राविकारांच्या इतिहासातील पुष्कळसा घोटाळा या एका भेदातून उद्भवला आहे, असे आम्हांस वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यात अतिस्थूल व अतिकृश या देहांचा विचार असून, निद्रेचे प्रकार, निद्रानाशाची कारणे व त्यावरील उपाय हेही तेथेच आले आहेत. मात्र अतिनिद्रेने स्थौल्य येते, हा तेथील दुवा होय. मेदामुळे निद्रिताचा श्वासमार्ग कोंडतो हा आजचा सिद्धांत त्या ग्रंथात शोधण्याचा मोह टाळलेलाच बरा.

युरोपातही या विकाराची नोंद वैद्यांपूर्वी कादंबरीकाराने केली. १८३७ साली पूर्ण झालेल्या ‘पिक्विक पेपर्स’मध्ये डिकन्सने सदैव पेंगणारा एक लठ्ठ मुलगा रंगविला. १९५६ साली बर्वेल व त्यांचे सहकारी यांनी त्या कादंबरीवरून एका रोगास नाव दिले खरे. परंतु त्या पेंगेचे मूळ झोपेतच वारंवार थांबणाऱ्या श्वासात आहे, हे १९६५ मध्ये फ्रान्समधील गास्तो आणि जर्मनीतील युंग व कूलो यांच्या नोंदींनी दाखविले. त्यापूर्वीच्या वैद्यास दोष देता येणार नाही. नंतरच्यास देता येईल. १९८१ मध्ये सिडनीच्या सलिव्हन यांनी मुखवट्यातून हवेचा दाब देण्याचा उपायही सिद्ध केला. हा केवळ पाश्चात्त्यांचा रोग नव्हे, हे मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले : ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांत शेकडा ७.५ जणांस झोपेतील श्वासविकार व दिवसाची गुंगी ही दोन्ही होती.

दरम्यान निद्रानाशावर गोळी देण्याची प्रथा रूढ झाली. १८६९ मध्ये क्लोरल, १९०३ मध्ये बार्बिटल, १९६३ मध्ये डायझेपाम अशी ही परंपरा आहे. झोपेच्या सवयी व तत्संबंधी विचार बदलण्याची उपचारपद्धती आधी योजावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. गुंगीच्या औषधाने घोरणाऱ्याचा श्वास अधिकच अडू शकतो. म्हणून ‘झोप नीट होत नाही’ एवढ्यावरच चिठ्ठी लिहिणे धोक्याचे आहे.

वर्धा शहरास लागून असलेल्या बोरगाव (मेघे) येथील माणसास मोठे रुग्णालय दूर नाही. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे, सावंगी (मेघे) येथेही एक आहे. तरीही पहिली गाठ पडते ती जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांशीच. २००८ मध्ये टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग व सहकाऱ्यांनी सुचविलेले चार प्रश्न त्यांना पुरे पडावेत : मोठ्याने घोरता काय, दिवसा थकवा वाटतो काय, श्वास थांबलेला कोणी पाहिला काय, रक्तदाब आहे काय? तिसऱ्याचे उत्तर रोग्यापाशी नसते, घरच्यांपाशी असते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात अंगणात वा गच्चीवर खाटा पडत, तेव्हा ते शेजाऱ्यालाही देता येई. कूलरच्या बंद खोलीत ते एकट्या पत्नीस ठाऊक, आणि तिला तर बाहेरच्या बाकावर बसविलेले असते!

उलट, रात्रीच वीज मिळते म्हणून ओलितासाठी जागणाऱ्या शेतकऱ्याचे जागरण हा रोगच नव्हे. त्यास गोळी देणे अन्यायाचे होय. निजल्यावर पाय वळवळतात, उठून चालल्याशिवाय चैन पडत नाही, असे एखादी स्त्री सांगते तेव्हाही ती नुसती ‘काळजी’ समजू नये. १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबोम यांनी हा विकार सविस्तर वर्णिला आणि रक्तातील लोहाच्या न्यूनतेशी त्याचा संबंध पुढे स्पष्ट होत गेला. अशा स्त्रीचे प्रथम रक्त तपासावे. लोह कमी आढळल्यास तेच औषध.