पाठीवरचे बिऱ्हाड : फ्लोरिडातील मोटारप्रवासी आणि तेथील राने

अमेरिकेच्या आग्नेय टोकाला अटलांटिक महासागर आणि मेक्सिकोचे आखात यांच्यामध्ये शिरलेले फ्लोरिडा हे राज्य सपाट, चुनखडीचे आणि पाणथळ आहे. त्यातील सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण समुद्रसपाटीपासून जेमतेम १०५ मीटरवर आहे, आणि उत्तरेकडील मिशिगन किंवा ओहायो बर्फाखाली गेलेले असताना येथे मात्र कोरडा, उबदार आणि डासांचा उपद्रव कमी असलेला ऋतू चालू असतो. हवामानाच्या या फरकावर प्रवासाची एक रीत शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. आज तिला ‘आरव्ही कॅम्पिंग’ म्हणतात. आरव्ही, अर्थात रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा शौचालयाचीही सोय असलेली घरगाडी, मग ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी असो वा मोटारीमागे ओढली जाणारी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे मराठीत काहीशा उपहासाने म्हटले जाते, आणि फ्लोरिडातील गावांनीही अशा बिऱ्हाडांकडे बराच काळ त्याच नजरेने पाहिले. पैसा आणतात म्हणून त्यांना बोलवायचे आणि मुक्काम लांबवतात म्हणून हाकलायचे, असा हा व्यवहार होता. ज्या रानांत आणि झऱ्यांकाठी ही बिऱ्हाडे आज हक्काने उतरतात, ती मात्र राखली वेगळ्याच माणसांनी, आणि तीही वेगळ्याच कारणांसाठी.

मोटारीच्या आधीचा फ्लोरिडाचा पाहुणा श्रीमंत असे, किंवा आजारी. क्षयाच्या रोग्यांना वैद्य दक्षिणेच्या हवेत पाठवीत, आणि धनिकांसाठी हेन्री फ्लॅग्लर या तेलउद्योगातून गब्बर झालेल्या भांडवलदाराने पूर्व किनाऱ्यावर आगगाडी आणि तिच्या कडेने आलिशान हॉटेले उभारली. सेंट ऑगस्टीनचे पाँस द लिऑन हॉटेल १८८८ साली उघडले आणि फ्लॅग्लरच्या लोहमार्गाचे शेवटचे टोक समुद्रातील बेटे ओलांडत १९१२ साली की वेस्टला पोहोचले. या व्यवस्थेत शेतकरी, कारागीर किंवा निवृत्त शाळामास्तर यांना स्थान नव्हते. ते मिळवून दिले फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ने. १९०८ साली ८५० डॉलरना विकली जाणारी ही मोटार साखळी-उत्पादनामुळे इतकी स्वस्त होत गेली की १९२५ साली तिचा सर्वांत साधा नमुना २६० डॉलरना मिळू लागला. त्याच सुमारास कार्ल फिशर या इंडियानातील उद्योजकाने ‘डिक्सी हायवे’ची कल्पना पुढे रेटली. नावाला हा मिशिगनपासून मायामीपर्यंतचा एक महामार्ग होता, प्रत्यक्षात मात्र ते अनेक कच्च्यापक्क्या रस्त्यांचे जाळे होते. फिशरचे स्वतःचे भूखंड मायामी बीचवर विक्रीला होते, हे लक्षात घेतले की त्याच्या रस्तेप्रेमाचा उलगडा होतो.

या रस्त्यांनी येणारी कुटुंबे मोटारीच्या बाजूला कापडी तंबू बांधीत, पाण्याचे आणि इंधनाचे डबे पायफळीला आवळून ठेवीत आणि वाटेत डबाबंद अन्नावर भागवीत. त्यांना ‘टिन कॅन टुरिस्ट’, म्हणजे पत्र्याच्या डब्यांवर जगणारे प्रवासी, हे नाव हिणवण्यासाठी पडले असले तरी त्यांनी ते कपाळावर मिरवले. १९१९ साली टँपा शहरातील डी सोटो पार्कमध्ये उतरलेल्या काही बिऱ्हाडांनी याच नावाची संघटना स्थापन केली, आणि सभासदत्वाची खूण म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा रिकामा डबा डाख देऊन बसवण्याची प्रथा पाडली. तळ स्वच्छ ठेवावा, वाटेत बंद पडलेल्या मोटारवाल्याला मदत करावी, मनोरंजन सभ्य असावे, असे तिचे साधे नियम होते. या नियमांमागे सद्भावना होतीच, पण त्याहून अधिक धास्ती होती, कारण तळ घाण झाला तर शहर तो बंद करील आणि पुढच्या हिवाळ्यात उतरायला जागा उरणार नाही, हे सभासद पुरते जाणून होते. संघटनेची हिवाळी अधिवेशने पुढे आर्केडिया आणि सारासोटा अशा लहान शहरांत भरू लागली.

शहरांची मनःस्थिती दुभंगलेली होती. १९२० साली साऱ्या राज्याची लोकसंख्या सुमारे ९ लाख ६८ हजार होती, जमिनीचे भाव चढत होते, आणि १९२४ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून आयकर व वारसाकर यांना मज्जाव केला गेला, तो बाहेरच्या पैशाला आवतण देण्यासाठीच. प्रवासी हा उद्याचा भूखंड-खरेदीदार, या हिशेबाने अनेक गावांनी नगरपालिकेच्या जागेत फुकट किंवा नाममात्र भाड्याचे तळ उघडले. तथापि डबेवाला प्रवासी एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन येतो आणि हिवाळाभर दोन्ही बदलत नाही, ही थट्टा त्या काळी सर्वतोमुखी होती, आणि हॉटेलवाल्यांच्या दृष्टीने ती थट्टा नव्हतीच. फुकट तळांवर भाडे लागले, मुक्कामाचे दिवस मर्यादित झाले, काही तळ सरळ मोडले गेले. १९२६ साली जमिनीचा फुगा फुटला, त्याच सप्टेंबरात मायामीवर चक्रीवादळ आले, दोनच वर्षांनी ओकीचोबी सरोवराच्या काठी दुसऱ्या वादळाने अडीच हजारांहून अधिक बळी घेतले, आणि तेव्हा गिऱ्हाइकाविना बसलेल्या गावांना जुना कंजूष पाहुणा पुन्हा गोड वाटू लागला. ब्रेडेंटन येथे १९३६ साली किवानिस क्लब या सेवाभावी मंडळाने उघडलेला घरगाड्यांचा तळ जगातील सर्वांत मोठा म्हणून मिरवला गेला.

रानांची कथा याच काळात, पण स्वतंत्रपणे चालू होती. एव्हरग्लेड्स हे द्वीपकल्पाच्या दक्षिण भागातील दलदलीचे क्षेत्र वस्तुतः संथपणे सरकणारे उथळ पाणी आहे. त्यात करवती धारेचे गवत वाढते आणि मधूनमधून, थोड्या उंचवट्यावर, कठीण लाकडाच्या झाडांची बेटे उभी राहतात, ज्यांना ‘हॅमक’ म्हणतात. अशा एका बेटावरील उंच राजताड आणि ऑर्किडे वाचवण्याचा ध्यास फ्लोरिडाच्या महिला मंडळांच्या महासंघाने घेतला. मे मान जेनिंग्ज या त्याच्या नेत्या माजी गव्हर्नरांच्या पत्नी होत्या आणि विधिमंडळाची नाडी त्यांना ठाऊक होती. तरीही १९१५ साली विधिमंडळाने ९६० एकर जमीन दिली, सोबत पैसा मात्र दिला नाही. तितकीच जमीन फ्लॅग्लरच्या विधवेने दिली, आणि १९१६ साली रॉयल पाम स्टेट पार्क लोकार्पण झाले. ज्या स्त्रियांना तेव्हा मतदानाचा अधिकारही नव्हता, त्यांनी वर्गणी आणि चहापानाच्या कार्यक्रमांवर एक उद्यान वर्षानुवर्षे चालवले, याची नोंद फ्लोरिडाच्या इतिहासात आजही व्हावी तितक्या ठळकपणे होत नाही. हेच उद्यान पुढे एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचे बीज ठरले, ज्याचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये केले. मार्जरी स्टोनमन डग्लस यांचे एव्हरग्लेड्सला गवताची नदी म्हणणारे पुस्तकही त्याच वर्षीचे.

मोटारीला रानात नेणारा रस्ता मात्र रानाच्या मुळावर उठला. टँपा आणि मायामी या नावांची सांगड घालून ‘टॅमियामी ट्रेल’ म्हटलेला मार्ग १९१५ साली सुरू होऊन एप्रिल १९२८ मध्ये खुला झाला. जाहिरातींच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या बॅरन कॉलियरने रखडलेल्या कामाला पैसा पुरवला आणि त्या बदल्यात १९२३ साली त्याच्या नावाचा स्वतंत्र जिल्हाच निर्माण झाला. सुरुंगांनी चुनखडी फोडून, यंत्राने ती उपसून, एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला भराव अशा पद्धतीने हा रस्ता बांधला गेला, आणि त्या भरावाने दक्षिणेकडे वाहणाऱ्या पाण्याला बांध घातला. पाण्याला पुन्हा वाट करून देणारा सुमारे दीड किलोमीटरचा पहिला पूल तेथे २०१३ साली तयार झाला. एकोणिसाव्या शतकातील युद्धांनंतर या दलदलीत आश्रय घेतलेल्या सेमिनोल आणि मिकोसुकी लोकांचा होड्यांचा व्यवहार या बांधाने विस्कटला. त्यांपैकी अनेक कुटुंबे रस्त्याच्या कडेला येऊन ताडपत्रांनी शाकारलेल्या, चारी बाजूंनी उघड्या ‘चिकी’ झोपड्या बांधून राहिली आणि मोटारवाल्यांना रंगीत गोधडीकामाचे कपडे व बाहुल्या विकू लागली. तळ टाकून राहण्याची खरी विद्या ज्यांच्याजवळ होती ते स्वतःच प्रेक्षणीय स्थळ बनले, हा या इतिहासातील सर्वांत बोचरा भाग होय.

आज प्रवासी ज्या राज्य उद्यानांत उतरतो त्यांतील अनेकांचा पाया महामंदीत घातला गेला. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुरू केलेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या योजनेत बेकार तरुणांना रानातील कामावर घेतले जाई. महिना ३० डॉलर पगारातील २५ डॉलर परस्पर घरी पाठवले जात. राज्याने १९३५ साली उद्यान विभाग स्थापन केला, तो मुख्यतः हे आयते मिळालेले मनुष्यबळ हातचे जाऊ नये म्हणून, असे म्हणायला हरकत नाही. सेब्रिंगजवळील हायलँड्स हॅमक, जे रोबलिंग कुटुंबाच्या देणगीतून १९३१ सालीच उघडले होते, मायाका नदीचा परिसर, हिल्सबरो नदीचा काठ आणि उत्तरेकडील टोरेया ही उद्याने या तरुणांच्या हातांनी घडली. मायाका येथे त्यांनी ताडाच्या ओंडक्यांच्या खोल्या बांधल्या, ज्या आजही भाड्याने मिळतात. ओकाला हे १९०८ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी घोषित केलेले राष्ट्रीय वन आहे. त्यातील जुनिपर स्प्रिंग्ज या झऱ्यावर या तरुणांनी पाणचक्कीचे घर उभारून तिच्यावर वीज निर्माण केली. फ्लोरिडातील असे झरे चुनखडीच्या पोकळ्यांतून वर येतात आणि त्यांचे पाणी बारा महिने सुमारे २२ अंश सेल्सियस राहते, त्यामुळे हिवाळ्यात नदी गारठली की मॅनाटी, म्हणजे समुद्रगायी, त्यांच्या उबेला जमतात; ब्लू स्प्रिंग येथे त्या पाहण्यासाठी माणसांची जितकी गर्दी होते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशासाठी होत असेल.

सप्टेंबर १९३५ मधील चक्रीवादळाने दक्षिणेकडील बेटांवर चारशेहून अधिक माणसे मारली, आणि त्यांत रस्त्याच्या कामासाठी सरकारी छावण्यांत ठेवलेले पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक मोठ्या संख्येने होते. फ्लॅग्लरचा समुद्रावरचा लोहमार्ग याच वादळात मोडला. राज्याने त्याचे अवशेष घेऊन त्यांवरून १९३८ साली मोटाररस्ता सुरू केला. बाहिया होंडा येथे आगगाडीच्या पुलाच्या लोखंडी चौकटीत दोन मोटारी शेजारून जाईनात, म्हणून रस्ता चौकटीच्या माथ्यावरून नेण्यात आला. तो तुटका पूल आज त्याच नावाच्या उद्यानातील तळावरून दिसतो, आणि बहुतेक प्रवासी त्याच्याकडे सूर्यास्ताची पार्श्वभूमी म्हणूनच पाहतात.

हे सारे सार्वजनिक होते, पण सर्वांचे नव्हते. कोअरच्या छावण्या वर्णभेदानुसार विभागलेल्या होत्या आणि उद्यानेही. कृष्णवर्णीयांनी आपली जागा आपण निर्माण केली. अमेलिया बेटावर एका कृष्णवर्णीय विमा कंपनीने १९३५ साली ‘अमेरिकन बीच’ वसवला, तर मायामीजवळ गोऱ्यांसाठी राखीव किनाऱ्यावर मे १९४५ मध्ये काही कृष्णवर्णीय पाण्यात उतरल्यानंतर प्रशासनाला त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया कीचा किनारा त्यांच्यासाठी उघडावा लागला, तोही स्वतंत्रच. कायद्याने हा भेद मोडण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

घरगाडी स्वतः या काळात बदलत गेली. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाअखेर फ्लोरिडातच ‘एअरोकार’ ही मोटारीमागे ओढण्याची सफाईदार गाडी बनवायला घेतली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर या गाड्यांच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा रुंद होत होत एका जागी बसली आणि निवृत्तांचे स्वस्त घर बनली, ज्याला चाके केवळ नावापुरती उरली. दुसरी चालती राहिली आणि तिलाच पुढे आरव्ही म्हणू लागले. पहिल्या शाखेचे दुबळेपण १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने निर्दयपणे उघडे पाडले.

राज्याची लोकसंख्या २०२० साली २ कोटी १५ लाखांवर गेली आणि वस्तीचा रेटा वाढला, तेव्हा उरलेली राने विकत घेऊन राखणे एवढाच मार्ग राहिला. १९९० साली सुरू झालेल्या ‘प्रिझर्व्हेशन २०००’ या कार्यक्रमात दहा वर्षे वर्षाला ३० कोटी डॉलर जमीन खरेदीसाठी ठेवले गेले. २०२४ साली काही राज्य उद्यानांत गोल्फची मैदाने आणि मोठी विश्रामगृहे बांधण्याचा सरकारी बेत बाहेर येताच सर्व पक्षांचे लोक एकत्र आले, बेत मागे घेतला गेला, आणि पुढच्याच वर्षी अशा बांधकामांना मनाई करणारा कायदा झाला. घरगाडी आणि तंबू यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही.

त्यांच्यासाठी नियम आधीच ठरला होता. १ जानेवारी २०२४ पासून फ्लोरिडाच्या राज्य उद्यानांतील तळावर तेथील रहिवाशाला अकरा महिने आधी जागा राखून ठेवता येते, आणि मिशिगन वा ओहायोतून येणाऱ्याला दहा महिने आधी.