चौखूर: एका पवित्र्याची कुळकथा

बॅरोनेट नावाचा घोडा, पाठीवर जॉकी सॅम चिफ्नी. पुढचे पाय पुढे फेकलेले, मागचे मागे, आणि चारही खूर जमिनीपासून सुटलेले. जॉर्ज स्टब्सचं हे १७९१ सालचं चित्र पाहिलं की तोंडात आपोआप शब्द येतो: चौखूर. पण खरा घोडा असा पळतच नाही. भरधाव घोड्याचे चारही खूर एकदम हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. १८७८मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून हे दाखवून दिलं.

मग ही चूक स्टब्सकडून व्हावी? लिव्हरपूलच्या कातडी कमावणाऱ्याचा हा मुलगा, चित्रकला बरीचशी स्वतःच शिकलेला. १७५६च्या सुमारास लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावी शेतघर भाड्याने घेऊन दीड वर्ष तो मेलेले घोडे उकलत होता. मदतीला त्याची जोडीदार मेरी स्पेन्सर. रक्तवाहिन्यांत पातळ केलेली चरबी भरायची, लोखंडी आकड्यांनी धूड छताला टांगायचं, खुरांखाली फळी द्यायची, म्हणजे जनावर उभं असल्यासारखं दिसतं. मग कातडीपासून हाडापर्यंत एकेक थर काढायचा, काढताना रेखाटायचा. एका घोड्यावर तर अकरा आठवडे! त्यातून १७६६चा अश्वशरीरावरचा ग्रंथ उभा राहिला. ‘व्हिसलजॅकेट’ या घोड्याच्या त्याने काढलेल्या चित्राची कीर्तीही मोठी आहे. घोड्याचा स्नायू न् स्नायू ओळखणाऱ्या माणसाने हा खोटा पवित्रा उचलला, तर तो कुठून तरी फार जोरकसपणे त्याच्यापुढे आलेला असणार.

कुठून? फ्रेंच पुरातत्त्वज्ञ सालोमाँ रेनाकने १९००च्या सुमारास याचं भलं मोठं उत्तर दिलं. हा पवित्रा मायसीनी ग्रीसमध्ये जन्मला, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून इराण आणि चीनला गेला, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी चिनी वस्तूंवर बसून इंग्लंडात उतरला. अर्वाचीन युरोपातला पहिला नमुना म्हणून त्याने बोट ठेवलं ते याच बॅरोनेटच्या १७९४ सालच्या छापील चित्रावर. तीन हजार वर्षांचा प्रवास, आणि शेवटचा मुक्काम एका रेसच्या घोड्याच्या पायांत!

कल्पना देखणी आहे, पण शेवटचा दुवा मला कच्चा वाटतो. चिनी भांडी नि लाखकाम इंग्रज घरांत त्याआधी शंभर वर्षं येत होतं. तेव्हा वूटन, सेमूर या इंग्रज चित्रकारांचे घोडे का उडाले नाहीत? ते बहुधा मागचे खूर टेकून, मुलांच्या डुलत्या लाकडी घोड्यासारखेच उभे राहतात.

प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टरने दुसरी वाट दाखवली: कुत्रा. धावता कुत्रा खरोखरच असा लांब ताणला जाऊन हवेत तरंगतो. त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो नि सुटतो; घोड्याचा तितका वाकत नाही. मी पूर्णपणे याच बाजूचा. इंग्रज शिकारचित्रांत घोड्याच्या पायांशी कुत्र्यांची झुंड असतेच, आणि स्टब्स कुत्रेही तितक्याच जिव्हाळ्याने रंगवायचा. कुत्र्यात डोळ्यांना स्पष्ट दिसलेली झेप हाताने घोड्याला देऊन टाकली.

ती त्याच काळात का दिली? माझ्या मते याचं उत्तर रेसच्या मैदानावर आहे. जुन्या शर्यती चार-चार मैलांच्या, त्याच दिवशी पुन्हापुन्हा धावायच्या. तिथे कस दमाचा. १७७६ला सेंट लेजर, १७७९ला ओक्स, १७८०ला डर्बी सुरू झाली, आणि कोवळ्या घोड्यांच्या छोट्या, वेगवान शर्यतींनी मैदान जिंकलं. आता लोकांना चित्रातही वेगच पाहायचा होता, आणि टेकलेल्या खुरांनी तो दिसेना. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१मध्ये एप्समची डर्बी रंगवली तेव्हा त्याचे सगळे घोडे जमिनीवर तरंगत होते.

आणि रेनाकची मायसीनी साक्षसुद्धा मला माझ्याच बाजूची वाटते. मायसीनीच्या थडग्यात सापडलेली ती प्रसिद्ध कट्यार पाहा. काळसर पात्यावर सोन्याचं जडावकाम, ढाली घेतलेले शिकारी, आणि टोकाकडे पाय ताणून पळणारे प्राणी. ते घोडे नाहीत, सिंह आहेत. लवचीक कण्याचे, कुत्र्यासारखेच झेपावणारे.