पाच मैल, पण पुढे की मागे? : डॉ. भाभांच्या विमानातला शेवटचा गैरसमज

आजची गोष्ट आपल्या मुरबे गावच्या किनाऱ्यावर सुरू होते आणि थेट आल्प्सच्या बर्फात जाते.

समजा, धुकं पडलंय. एक बोट मुरबे-सातपाटी खाडीकडे परत येतेय. तांडेलाला वाटतंय, खाडीचं तोंड आलंच. तेवढ्यात वायरलेसवर आवाज येतो, "खाडी दोन मैल." आता हे दोन मैल जायचेत, की आपण दोन मैल पुढे निघून आलो? बोटीवरचा कुणीतरी लगेच ओरडेल, "अरे, पुढे का मागे ते सांग ना!"

असाच एक प्रश्न १९६६ साली विचारायचा राहून गेला आणि ११७ माणसं गेली. त्यांतले एक होते डॉ. होमी भाभा.

मुरब्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालो, की नांदगाव, आलेवाडी, नवापूर मागे टाकत आपण तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रापाशी पोचतो. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. त्याचा करार १९६४ मध्ये झाला, काम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये इथली वीज रीतसर मिळू लागली. ज्यांनी हे सगळं उभं करायचा ध्यास घेतला, ते भाभा तेव्हा हयात नव्हते. जेमतेम ५६ वर्षांचं आयुष्य त्यांना मिळालं.

२४ जानेवारी १९६६. दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, तो हाच दिवस. एअर इंडियाचं बोईंग ७०७, नाव 'कांचनजंगा', फ्लाइट १०१. मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा करत लंडनला जायचं होतं. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते.

बैरूतहून निघतानाच विमानातला एक व्हीओआर रिसीव्हर बंद होता. व्हीओआर म्हणजे काय, तर जमिनीवरच्या केंद्रातून रेडिओ लहरी येतात आणि आपण त्या केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत ते कळतं. दोन केंद्रांच्या दिशा एकाच वेळी मिळाल्या, तर नकाशावर दोन रेषा जिथे छेदतात तिथे आपण. एकच यंत्र चालू असेल, तर हे ताबडतोब पडताळता येत नाही. अंदाजाचा भाग वाढतो.

सकाळी आठच्या सुमारास विमान १९ हजार फुटांवर होतं. जिनिव्हाच्या नियंत्रकाने सांगितलं, हीच उंची ठेवा. ढगांच्या हजार फूट वर राहून, डोळ्यांनी बघत उतरता येत असेल तरच खाली या. वैमानिकाने होकार दिला आणि म्हणाला, आम्ही माँ ब्लाँच्या बरोबरीला आहोत.

इथे लक्ष द्या. नियंत्रकाला रडारवर दिसत होतं की विमान अजून तिथे पोचलेलं नाही. म्हणजे वैमानिकाची चूक त्याच्या ध्यानात आली होती! ती दुरुस्त करायला तो म्हणाला, "माँ ब्लाँला पाच मैल आहेत." उत्तर आलं, "रॉजर."

रॉजर म्हणजे फक्त "तुमचा निरोप मिळाला". निरोपाचा अर्थ दोघांनी एकच घेतलाय, याची त्यात काही हमी नाही. नियंत्रकाला वाटलं, चूक सुधारली. वैमानिकाची मात्र समजूत तशीच राहिली, की डोंगराची धार आपण ओलांडली आहे. विमान खाली येत राहिलं आणि शिखराच्या थोडंसं खाली, सुमारे ४,७५० मीटर उंचीवर आदळलं. कुणीच वाचलं नाही.

चौकशीत हेच पुढे आलं. वैमानिकाचा स्थानाचा अंदाज चुकला, आणि नियंत्रकाने दिलेली दुरुस्ती शब्द पुरेसे नेमके नसल्यामुळे चुकीची समजली गेली.

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच, "पण हे तर सीआयएने केलं ना?" हा फॉरवर्ड सगळ्यांनाच आलाय. शंका का येते, तेही समजतं. शास्त्रीजी जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यात १९५० साली एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' याच डोंगरावर कोसळून ४८ जण गेले होते. पण घातपाताचा ठोस पुरावा आजवर समोर आलेला नाही. मला तर वाटतं, कट मानणं मनाला सोपं जातं. एवढा मोठा माणूस एका अर्धवट वाक्यामुळे गेला, हे पचायला जास्त अवघड आहे.

बोलण्यातल्या या फटी बुजवायला जगाला आणखी मोठी किंमत मोजावी लागली. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर, धुक्यात, दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण गेले. तिथेही "आम्ही आता टेकऑफला" या शब्दांचे दोन अर्थ निघाले होते. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना-घेताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं रॉजर चालत नाही, ती सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. आणि कॅप्टन चुकतोय असं वाटलं, तर सहवैमानिकाने ते स्पष्ट बोलायचं, हे आता शिकवलं जातं.

भाभांच्या अपघातानंतर वर्षभराने ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. आज बोईसरला उतरून तारापूरकडे जाताना ते नाव आपल्याला सहज आठवतं. पुढच्या वेळी आठवलं, की ते पाच मैलही आठवा. आणि कुणी फोनवर "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणालं, तर नुसतं "ओके" म्हणू नका. विचारा, "यायला दहा मिनिटं, की निघून दहा मिनिटं झाली?"

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि ऐकलेलं परत म्हणून बघा!