अप्रीति आणि नापसंती

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी हें गांव लागतें. येथून एक वाट साखर-गुंजवण्याच्या दिशेनें राजगडाच्या पायथ्याकडे वळते. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही कांहीं स्नेही मिळून गडावर निघालों असतां या गांवीं घटकाभर थांबलों. ज्यांच्या घरीं चहा घेतला ते गृहस्थ शिक्षक असून त्यांच्यासमोर एक विद्यार्थी भाषांतराची वही घेऊन बसला होता. ‘पंचायतीचा हा ठराव आम्हांस पसंत नाहीं’ असें मराठी वाक्य होतें; मुलानें त्याचें इंग्रजी ‘वुई हेट’ या शब्दांनीं आरंभिलें होतें. गुरुजींनीं ‘हेट’वर रेघ मारून ‘डिसअप्रूव्ह’ लिहिलें. मुलगा नम्रपणें म्हणाला, “गुरुजी, दोन्हींचा अर्थ आवडत नाहीं असाच ना?” गुरुजी म्हणाले, “नाहीं रे. पहिल्या शब्दांत द्वेष आहे, दुसऱ्यांत मत आहे.”

उत्तर आम्हांस पटलें, आणि गड चढतां चढतां तें मनांत घोळूं लागलें. मुलानें ओसरीवर बसून विचारलेला हाच प्रश्न एके काळीं मुंबईच्या हायकोर्टांत विचारला गेला होता, आणि त्याच्या उत्तरावर एका थोर पुरुषाचें स्वातंत्र्य अवलंबून होतें. योगायोग असा कीं, त्या खटल्याचें मूळ ज्या उत्सवांत होतें, तो उत्सव रायगडापूर्वीं याच गडावरून राज्य करणाऱ्या राजाचा होता.

हिंदुस्थानचें दंडविधान १८६० सालीं मंजूर झालें. त्यांत राजद्रोहाचें १२४ अ हें कलम १८७० सालीं घालण्यांत आलें. या कलमांत दोन इंग्रजी शब्द समोरासमोर उभे केले होते. सरकाराविषयीं लोकांच्या मनांत ‘डिसअफेक्शन’ उत्पन्न करणें हा गुन्हा. परंतु सरकारच्या कृत्यांविषयीं, कायदेशीर आज्ञा पाळण्याची वृत्ति कायम ठेवून, ‘डिसॲप्रोबेशन’ दाखविणें हा गुन्हा नव्हे. मराठींत पहिल्यास ‘अप्रीति’ म्हणतात. दुसऱ्यास ‘नापसंती’ म्हणतां येईल. दिसण्यांत शब्द जवळजवळचे. पण एकाच्या पलीकडे तुरुंग होता आणि दुसऱ्याच्या अलीकडे मोकळें आंगण होतें. १८९१ सालीं कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ पत्रावरील खटल्यांत सरन्यायाधीश पेथरॅम यांनीं हा भेद साध्या दृष्टान्तानें सांगितला होता : एखाद्या मनुष्याचें कृत्य आपणांस नापसंत असूनहि तो मनुष्य आपणांस प्रिय असूं शकतो. प्रत्येक कुटुंबांत रोज अनुभवास येणारी ही गोष्ट आहे. मुलाचें वागणें न आवडणारी आई मुलाची वैरीण होत नाहीं.

पुढें १८९७ सालीं पुण्यांत प्लेगाचा कहर चालूं असतां, ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकांत शिवाजी-उत्सवाचा वृत्तान्त व ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. त्यानंतर आठच दिवसांत रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. टिळकांस जुलैअखेर पकडण्यांत आलें आणि सप्टेंबरांत खटला न्यायमूर्ति स्ट्रेची यांच्यासमोर चालला. ज्यूरीस कायदा समजावून सांगतांना स्ट्रेचीसाहेबांनीं ‘डिसअफेक्शन’ची फोड शब्दाच्या अवयवांवरून केली : ‘अफेक्शन’ म्हणजे प्रेम, आणि त्याचा अभाव तें ‘डिसअफेक्शन’. द्वेष, वैर, तिरस्कार, नावड, सरकाराविषयींचा कोणत्याहि प्रकारचा वाईट भाव या एका शब्दांत त्यांनीं सामावून घेतला. नऊ ज्यूररांपैकीं सहांनीं टिळकांस दोषी ठरविलें; ज्या तिघांनीं निर्दोषी म्हटलें ते तिघेहि हिंदी होते. १४ सप्टेंबर १८९७ रोजीं अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

आतां या फोडीचा आपण आपल्याच व्याकरणाच्या दृष्टीनें विचार करून पाहूं. ‘अप्रीति’ या शब्दांत आरंभीं जो ‘अ’ आहे, त्याचे संस्कृत वैयाकरणांनीं सहा अर्थ सांगितले आहेत. अभाव हा त्यांतील एक आणि विरोध हा दुसरा. ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञानाचा अभाव. पण ‘अमित्र’ म्हणजे केवळ मित्र नसलेला मनुष्य नव्हे, तर शत्रु. रस्त्यांत भेटणारे हजारों लोक आपले मित्र नसतात. म्हणून ते आपले ‘अमित्र’ ठरत नाहींत. ‘अधर्म’ म्हणजेहि धर्माचा नुसता अभाव नव्हे. तेव्हां ‘अप्रीति’ कोणत्या जातीची, ‘अज्ञाना’च्या कीं ‘अमित्रा’च्या, हा खरा प्रश्न होता. स्ट्रेचीसाहेबांनीं पहिल्या जातीनें आरंभ केला. पण ज्या प्रजेवर परकी सत्ता लादली गेली आहे, तिच्यापाशीं प्रेमाचा अभाव असणें हा गुन्हा ठरविला, तर तुरुंगाबाहेर कितीजण उरतील?

समाधानाची गोष्ट ही कीं, त्याच सालीं त्याच हायकोर्टांत दुसरी फोडहि ऐकूं आली. सातारा जिल्ह्यांतील इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावरील खटल्याचें अपील पूर्ण पीठापुढें आलें. त्या पीठावर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे होते. हा शब्द प्रेमाचा नुसता अभाव दर्शवीत नसून राजनिष्ठेच्या उलट जाणारा एक निश्चित वैरभाव दर्शवितो, असें त्यांनीं प्रतिपादिलें. म्हणजे रानड्यांची अप्रीति ‘अमित्रा’च्या जातीची होती. सरकारनें मात्र १८९८ सालीं कलम दुरुस्त करून त्यांत द्वेष व तुच्छता हे शब्द घातले, आणि ‘डिसअफेक्शन’मध्यें बेइमानी व वैराच्या सर्व भावना येतात असा खुलासा जोडला.

१९०८ सालच्या खटल्यांत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनें पुढें आला. ‘देशाचें दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ हे लेख मराठींत लिहिलेले. पण न्यायमूर्ति दावर यांच्या कोर्टांत निर्णय व्हावयाचा तो त्यांच्या इंग्रजी भाषांतरावरून. टिळकांनीं स्वतः उभें राहून सरकारी भाषांतरकाराची शब्दांच्या अर्थांविषयीं उलटतपासणी केली, आणि एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणांत भाषांतराचे दोष दाखविले. अडचण कशी असते हें उदाहरणानें पाहूं. आपल्या भाषेंत ‘जुलूम’ हा एक शब्द आहे. इंग्रजींत त्याचे ‘ऑप्रेशन’, ‘टिरनी’ आणि ‘डेस्पॉटिझम’ असे निदान तीन शब्द होऊं शकतात. पहिल्यानें एका कृत्यास नांव ठेविलें जातें, दुसऱ्यानें राज्य करणाराच्या वृत्तीस, आणि तिसऱ्यानें सर्व राज्यपद्धतीस. लेखक एकच, पण भाषांतरकारानें पहिला शब्द घेतला तर तो टीकाकार ठरतो, तिसरा घेतला तर राज्याचा वैरी. २२ जुलै रोजीं ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें, आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. भाषांतर निर्दोष असतें तर निकाल फिरला असता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपलें मत कोणत्या शब्दानें परक्यापर्यंत पोंचतें याचा अधिकार दुसऱ्याच्या हातीं गेला म्हणजे काय होतें, तें येथें स्पष्ट दिसतें.

स्वराज्य आल्यावरहि हें कलम राहिलें. १९६२ सालीं केदारनाथ सिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तें कायम ठेविलें, पण हिंसेस किंवा अव्यवस्थेस चिथावणी असेल तेथपर्यंतच त्याची हद्द आंखून दिली. २०२२ सालीं त्याच न्यायालयानें कलमाचा अंमल स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनें दंडविधानच जाऊन त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १५२ व्या कलमांत ‘डिसअफेक्शन’ हा शब्द उरला नाहीं. ‘डिसॲप्रोबेशन’ मात्र खुलाशांत अजून आहे. नव्या कलमाविषयीं मतभेद आहेत व ते होणारच. पण दीडशें वर्षें जोडीनें नांदलेल्या दोन शब्दांपैकीं नापसंतीचा शब्द टिकला, हें आम्हांस सुचिन्ह वाटतें.

कायद्याची गोष्ट वकिलांवर सोंपवून आपण घरांतली गोष्ट पाहूं. ‘मला वाटतें’, ‘माझा समज आहे’, ‘माझें मत आहे’, ‘माझी खात्री आहे’ हीं चार वाक्यें चार पायऱ्या आहेत. आपण बोलतांना त्यांतील कोणतीहि कोठेंहि वापरतों. इंग्रजी शिकणारा मुलगा ‘थिंक’, ‘सपोज’, ‘बिलीव्ह’ यांत गोंधळतो, याचें एक कारण तो मराठींतहि या पायऱ्या मोजीत नाहीं हें असावें. नापसंतीस द्वेष म्हणण्याची संवय ज्याला लहानपणीं लागली, तो मोठेपणीं दुसऱ्याच्या नापसंतींतहि द्वेषच वाचील. आणि मग सत्ता हातीं असो वा नसो, त्याच्या मनांतला न्यायाधीश स्ट्रेचीच राहील.

संध्याकाळीं गड उतरून परततांना आम्ही पुन्हां मार्गासनीस थांबलों. मुलगा ओसरीवर नव्हता. वही तेवढी होती. आम्ही ती उघडून पाहिली. ‘डिसअप्रूव्ह’ या शब्दापुढें त्यानें पेन्सिलीनें मराठी अर्थ लिहून ठेविला होता : ‘पटत नाहीं, पण भांडण नाहीं.’ गुरुजींनीं त्याखालीं बरोबरची खूण केलेली होती.