बटण बंद, तरी दिवा मिणमिणता

1983 साली चंद्रपूरजवळ दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. त्या काळी घरात 60 वॅटचा पिवळा बल्ब असे. त्याची तार तापायला भरपूर करंट लागे, म्हणून वायरिंगमधली चूक वर्षानुवर्षे झाकली जाई.

2015 पासून सरकारच्या उजाला योजनेतले एलईडी बल्ब आले आणि ती चूक उघडी पडली. बटणालाच जोडलेला इंडिकेटर, पावसाळ्यात ओल धरलेली भिंत किंवा फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले बटण. यांतून झिरपणारा किंचित करंटही एलईडीला मिणमिणायला पुरतो.

न्यूट्रलची चूक खरी धोक्याची. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो, आणि टेस्टर लावताच टेस्टरचा दिवा पेटतो.